खारा वारा आणि ऑफिसचा कॉम्प्युटर

मालवणात कॉम्प्युटर मरतो तो बहुधा जून ते ऑगस्टमध्ये, आणि तोही बंद असताना. मे संपता संपता सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या थांबतात, तारकर्लीचं स्कुबा डायव्हिंग थांबतं, १ जूनपासून यांत्रिक मासेमारीला ६१ दिवसांची बंदी लागते. देवबागपासून आचऱ्यापर्यंतच्या कितीतरी छोट्या ऑफिसांना मग कुलूप लागतं. नारळी पौर्णिमा होते, गणपती येऊन जातात, कुलूप निघतं. बटण दाबलं की आतला पंखा एकदा गुरगुरतो आणि गप्प होतो. काही वेळा तेवढंही नाही. दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर पेटी ठेवताना मालक हमखास म्हणतो, ‘‘वापरूक नाय, तरी बिगाडलो कसो?’’

वापरला नाही, म्हणूनच बिघडला. किनाऱ्यावर लाट फुटते तेव्हा तिच्या फेसातून मिठाचे अतिसूक्ष्म कण हवेत उडतात आणि वाऱ्याबरोबर आत येतात. कॉम्प्युटरचा पंखा वर्षभर ही हवा ओढत असतो, त्यामुळे आतल्या सर्किटवर धुळीबरोबर मिठाचा पातळ थर बसतो. मीठ कोरडं आहे तोवर ते फारसा त्रास देत नाही. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतःच त्यात विरघळतं. श्रावणात स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ पाझरतं, तेच इथे तांब्याच्या केसाएवढ्या रेषांवर होतं. खारं पाणी वीज वाहून नेतं, धातू खातं, आणि जिथे संपर्क नको तिथे संपर्क जोडून देतं.

आता चालू कॉम्प्युटरचं बघा. बाहेर २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता आहे असं धरू. मालवणच्या जुलैत हे नेहमीचंच. यंत्र सुरू असल्यामुळे पेटीच्या आत ३५ अंश झाले, तर तीच हवा आत जाऊन तापते आणि तिची सापेक्ष आर्द्रता ५७ टक्क्यांच्या आसपास उतरते. हवेत पाणी तेवढंच असतं, पण गरम हवेची पाणी धरण्याची ताकद वाढलेली असते. म्हणजे चालू यंत्रातलं मीठ कोरडं राहतं आणि बंद यंत्रातलं ओलं. मोठमोठी डेटा सेंटरं उभारणारे लोक हवेमुळे चढणाऱ्या गंजाला इतकं घाबरतात की खोलीत तांब्याची आणि चांदीची पट्टी महिनाभर टांगून ठेवतात. तांब्यावर महिन्यात ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा जाड गंज चढला, तर ती हवा यंत्रांसाठी सौम्य मानली जात नाही. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. आपल्याकडे दाराची कडी आणि खिडकीचे गज बघितले की पट्टी टांगायची गरज उरत नाही.

म्हणून या किनाऱ्यावर कॉम्प्युटर घेताना दुकानदार ज्या क्रमाने गुण सांगतो, तो क्रम मी उलटा करतो. तो प्रोसेसरपासून सुरुवात करतो आणि यूपीएस ‘हवा असेल तर घ्या’ म्हणून शेवटी सांगतो. इथे आधी हवा, मग वीज, मग दुरुस्ती करणारा माणूस. प्रोसेसर सगळ्यात शेवटी.

हवेचा विचार केला की पहिला प्रश्न पेटीच्या आकाराचा येतो. उभी मोठी पेटी, म्हणजे जिला सगळे ‘सीपीयू’ म्हणतात ती, स्वस्त पडते. तिचा प्रत्येक भाग वेगळा बदलता येतो आणि गावातला कोणताही दुरुस्तीवाला ती उघडू शकतो. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबरने घासून पुन्हा बसवले की मेलेला कॉम्प्युटर उठून बसतो, हा इथला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत यशस्वी उपचार आहे. पण याच पेटीला सगळीकडून भोकं असतात. त्यातून खारी हवा येते, लाल मुंग्या येतात आणि उबेच्या ओढीने पालही येते. पॉवर सप्लायमध्ये शिरलेली पाल स्वतः जाते आणि जाताना पॉवर सप्लायही घेऊन जाते. मागच्या बाजूची न वापरलेली भोकं पत्र्याच्या झाकणपट्ट्यांनी बंद आहेत का, हे घेतानाच बघावं. जोडणीवाले त्या बऱ्याचदा लावत नाहीत.

त्याच्या उलट टोकाला छोटा डबा कॉम्प्युटर, ज्याला मिनी पीसी म्हणतात. जाडजूड पुस्तकाएवढी पेटी, बाहेर लॅपटॉपसारखा अडॅप्टर, वेगळा मॉनिटर. आत हवा कमी खेळते, त्यामुळे मीठही कमी जातं. काही मॉडेलांत पंखाच नसतो. वीज १५ ते ४० वॅटपर्यंत खातो. आणि मोठा फायदा म्हणजे मे अखेरीस ऑफिस बंद करताना तो पिशवीत टाकून घरी नेता येतो आणि तिथे रोज तासभर चालू ठेवता येतो. जाग्यावर बसून हिशोब करणाऱ्या ऑफिसला माझी पहिली पसंती यालाच.

लॅपटॉपबद्दल माझं मत जागेप्रमाणे बदलतं. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. तिथल्या निवास-न्याहारीवाल्याने लॅपटॉपच घ्यावा, कारण वादळाचा इशारा आला तर कागदपत्रांच्या पिशवीबरोबर तो काखेत मारून निघता येतं. मालवणच्या बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर बसणाऱ्या कर सल्लागाराला मात्र लॅपटॉपमुळे फक्त मान दुखेल. शिवाय लॅपटॉपच्या कीबोर्डमध्ये मीठ गेलं तर तो बदलायला अख्खं यंत्र खोलावं लागतं आणि मदरबोर्डचं काम निघालं तर ते कोल्हापूर नाहीतर पणजीला जातं. मॉनिटरच्याच पाठीत सगळं बसवलेला ‘ऑल इन वन’ दिसायला देखणा असतो, रिसेप्शनवर शोभतो. पण एक भाग गेला की सगळंच बंद. किनाऱ्यावर मी तो कुणालाही सुचवणार नाही.

ठेवण्याच्या जागेलाही महत्त्व आहे. समुद्राकडची खिडकी आणि कॉम्प्युटर एकमेकांसमोर नकोत. जांभ्याच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात, तेव्हा पेटी भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वर असावी. काम संपल्यावर लगेच प्लॅस्टिकचं कव्हर घालण्याची सवय मात्र वाईट. यंत्र थंड होताना आतली ओल तिथेच अडकते. सुती कापड बरं. बंद ठेवायचंच असेल तर घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या भरपूर पुड्यांसकट. मासळीचा थर्माकोलचा खोका यासाठी वापरलेला पाहिला आहे. तत्त्व बरोबर होतं, पण वास ऑक्टोबरपर्यंत गेला नाही.

वीज हा दुसरा विषय, आणि यावर पैसे वाचवणारा माणूस पुढे सगळ्यात जास्त खर्च करतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याला घासून वर गेलं. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यातल्या अनेक गावांत त्यानंतर कित्येक दिवस वीज नव्हती. तसं वादळ रोज येत नाही. पण तारेवर पडलेली फांदी रोज कुठे ना कुठे असते, आणि वीज जाण्यापेक्षा ती परत येतानाचा झटका वाईट.

छोट्या ऑफिसात ६०० व्हीएचा यूपीएस असतो. हा आकडा वॅटचा नाही. प्रत्यक्षात तो साधारण ३६० वॅट देतो. त्यातली बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. मॉनिटरसकट १०० वॅट खाणारा कॉम्प्युटर नव्या यूपीएसवर पंधरा-वीस मिनिटं चालतो. दोन पावसाळ्यांनंतर पाच मिनिटं मिळाली तरी नशीब. हा काळ बिल पूर्ण करण्यासाठी नाही, फाइल जतन करून व्यवस्थित बंद करण्यासाठी आहे, हे ऑफिसातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावं. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नये. कागदावर शाई भाजून बसवायला त्याला क्षणभर कित्येकशे वॅट लागतात आणि छोटा यूपीएस तिथेच मान टाकतो.

घरगुती इन्व्हर्टर असला तर यूपीएस कशाला, असं विचारलं जातं. इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-अवर बॅटरीत १८०० वॅट-तास असतात. सगळं वजा जाता हजारभर हाती लागले तरी १०० वॅटचा कॉम्प्युटर दहा तास चालतो आणि मिनी पीसी त्याच्याही पुढे. अडचण वेगळी आहे. वीज गेल्यावर बॅटरीवर यायला इन्व्हर्टरला काही क्षण लागतात. डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय पूर्ण भाराखाली जेमतेम १६-१७ मिलिसेकंद दम धरण्यासाठी बनवलेला असतो. इन्व्हर्टरच्या मागे एक कळ असते. ती ‘यूपीएस’कडे असेल तर बदल बहुधा या मुदतीत होतो, ‘वाइड’कडे किंवा ‘इन्व्हर्टर’कडे असेल तर होत नाही आणि कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. अनेक ऑफिसांत ही कळ बसवणाऱ्याने ठेवली तशीच असते. लॅपटॉपला हा प्रश्नच नाही, त्याची स्वतःची बॅटरी मध्ये असते.

अर्थिंगबद्दल कुणी विचारत नाही. कोकणातली जमीन जांभ्याची. पावसात पाणी धरते, पण एप्रिल-मेमध्ये ती अशी कोरडी पडते की मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डाही निरुपयोगी होतो. आणि वळवाचा गडगडाट नेमका तेव्हाच येतो. त्या महिन्यांत खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत राहणं हा बिनखर्चाचा विमा आहे. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजून घ्यावं; ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. अर्थिंग नसेल तर ‘स्पाइक गार्ड’ लिहिलेली पट्टी म्हणजे केवळ जास्त भोकांचा बोर्ड. आभाळातली वीज फक्त विजेच्या तारेतूनच येते असंही नाही. फायबरचं इंटरनेट काचेच्या धाग्यातून येतं, त्यातून झटका येत नाही. पण माडावर बसवलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याची तांब्याची केबल थेट तुमच्या राउटरपर्यंत आलेली असते. आकाश काळवंडलं की प्लगबरोबर ती केबलही काढावी.

आता कामाकडे. बऱ्याच जणांना कॉम्प्युटरची गरज वाटते तेवढी नसते, हे आधी मान्य करू. दोन खोल्यांचं होमस्टे चालवणाऱ्या काकूंचं बुकिंग व्हॉट्सॲपवर होतं, पैसे यूपीआयने येतात, आणि परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत ऑनलाइन द्यायची माहितीही फोनवरून भरता येते. त्यांना प्रिंटर लागतो, कॉम्प्युटर नाही. गरज खरी होते ती हिशोबामुळे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि चोपडीत मावणारा धंदाही महिन्याच्या तारखांना बांधला गेला. वेंगुर्ल्याचा किंवा सावंतवाडीचा काजू कारखानदार ५०,००० रुपयांवरचा माल गोव्याला किंवा बेळगावला पाठवतो तेव्हा ट्रक निघण्याआधी ई-वे बिल तयार लागतं. मच्छीमार सोसायटीला नौकांची नोंदणी ‘रिअलक्राफ्ट’ या पोर्टलवर बघावी लागते. ही कामं बारीक पडद्यावर करताना एक शून्य इकडचं तिकडे होतं आणि ते महागात पडतं.

या कामांना ताकद किती लागते? आश्चर्य वाटेल इतकी कमी. इथली बहुतेक ऑफिसं टॅलीवर चालतात. बेंगळुरूच्या कंपनीचा हा प्रोग्रॅम १९८६ पासूनचा, डॉसच्या काळ्या पडद्यावर वाढलेला. त्याला विंडोज लागतं, त्यामुळे ‘मॅक घेऊ का?’ या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं. आय-थ्री किंवा रायझन-थ्री वर्गातला अलीकडचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि ती वाढवण्यासाठी एक मोकळी खाच, एवढं हिशोब, ईमेल, पोर्टल आणि मराठी पत्रव्यवहाराला पुरतं. जोर द्यायचा तो डिस्कवर. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते आणि वाचणारा दांडा जागा शोधत हिंडतो. सेकंदाला शंभरेक ठिकाणं शोधता शोधता तो दमतो. एसएसडीमध्ये हलणारं काही नाही, ती हजारो ठिकाणं गाठते. शिवाय हार्ड डिस्कला हवेचा दाब सांभाळायला बारीक छिद्र असतं आणि एसएसडीला ते लागत नाही, हे किनाऱ्यावर लक्षात ठेवण्यासारखं. ‘कॉम्प्युटर म्हातारा झाला’ म्हणून टाकायला निघालेल्या कितीतरी यंत्रांना फक्त एसएसडी हवी असते.

स्कुबावाल्यांचं गणित मात्र वेगळं. पर्यटक पाण्यातून बाहेर येतो तो आपला व्हिडिओ मागतच. कॅमेऱ्यातल्या मोठमोठ्या फाइली काढायच्या, कापायच्या आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये भरायच्या. इथे यूएसबीचं भोक कोणतं हे महत्त्वाचं ठरतं. जुनं यूएसबी २.० सेकंदाला कमाल ४८० मेगाबिट नेतं, ३.० हे ५ गिगाबिट. बाहेर बोट थांबलेली असताना हा फरक कळतो. इथे १६ जीबी रॅम, मोठी एसएसडी आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स यांवर पैसे घालणं योग्य. पण अनोळखी फोन आणि पेनड्राइव्ह दिवसभर ज्या यंत्रात खुपसले जातात, त्याच यंत्रावर बँकेचं लॉगिन आणि टॅलीचा डेटा ठेवणं हा मूर्खपणा आहे. व्हिडिओचं यंत्र वेगळं, हिशोबाचं वेगळं. हिशोबाचं जुनं असलं तरी चालेल.

जुनं म्हणजे किती जुनं? गणपतीला येणारा चाकरमानी मुंबईहून भावासाठी कॉम्प्युटर घेऊन येतो, तो पुष्कळदा लॅमिंग्टन रोडवरचा, कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गावरचा. कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेली ही यंत्रं वाईट नसतात, उलट स्वस्तातल्या नव्या जोडणीपेक्षा त्यांची बांधणी दणकट असते. एसी ऑफिसात वाढल्यामुळे त्यांच्यात मीठ नसतं, हा आपल्या दृष्टीने गुणच. फक्त एक बघावं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. त्याआधीचं यंत्र कितीही स्वस्त मिळालं तरी बँकेच्या कामासाठी घेऊ नये. ‘विंडोज ११ टाकून देतो’ म्हणणारा दुकानदार ते अधिकृतरीत्या टाकतोय की पळवाटेने, हे विचारावं.

प्रिंटरबद्दल थोडक्यात. ओला कागद लेझरमध्ये तापून वळतो आणि अडकतो, म्हणून रीम डब्यात. इंक टँक प्रिंटर छपाईला स्वस्त, पण चार महिने न चालवता ठेवला तर शाई तोंडाशी सुकते. पावसाळ्यात आठवड्याला एक रंगीत पान काढत राहायचं. थर्मल रोलवरची पावती उन्हात आणि पाकिटात पुसट होते, तेव्हा हिशोबाला ठेवायची प्रत साध्या कागदावर. डॉट मॅट्रिक्सचा खडखडाट ज्यांना सहन होतो, त्यांना इथल्या हवेत त्याच्याइतका सोशिक प्रिंटर मिळणार नाही.

डेटा कुठे ठेवायचा याचं उत्तर तौक्तेने दिलं होतं. त्या दिवसांत नुसती वीज नव्हती असं नाही, मोबाइलचे टॉवरही बंद पडले होते. ज्यांची टॅलीची प्रत फक्त ऑफिसातल्या डिस्कवर होती ते छप्पर शाबूत राहावं म्हणून प्रार्थना करत होते. ज्यांचं सगळं इंटरनेटवर होतं त्यांना ते दिसत नव्हतं. एक प्रत यंत्रात, एक इंटरनेटवर आणि एक बाहेरच्या छोट्या डिस्कवर, जी ऑफिसच्या छपराखाली राहत नाही. मालवणी माणसाला तिसऱ्या प्रतीसाठी जागा शोधावी लागत नाही. लालबागला किंवा डोंबिवलीला कुणीतरी असतंच.

उरला दुरुस्ती करणारा माणूस. पेटीवर ‘ऑनसाइट वॉरंटी, दुसऱ्या कामाच्या दिवशी’ असं छापलेलं असतं. ते ४१६६०६ या पिनकोडवर लागू आहे का, हे कंपनीच्या क्रमांकावर फोन करून, पैसे देण्याआधी विचारावं. मालवणला रेल्वे नाही. तंत्रज्ञ कुडाळ-कणकवलीहून येणार की त्याहून लांबून, यावर तुमचं ऑफिस किती दिवस बंद राहणार ते ठरतं. वॉरंटीच्या बारीक अक्षरांत गंज, कीटक आणि द्रव यांनी झालेलं नुकसान बहुधा वगळलेलं असतं, आणि आपले अर्धे बिघाड याच तीन कारणांनी होतात. म्हणून इंटरनेटवर हजारभर रुपये वाचवण्यापेक्षा, बोलावल्यावर स्कूटरवरून येणाऱ्या गावातल्या माणसाकडून घेणं मला फायद्याचं वाटतं. बिल मात्र जीएसटी क्रमांकासह आणि त्यावर यंत्राचा सीरियल नंबर लिहून घ्यायचं, तो ओळखीचा असला तरी.

आणि घ्यायचा तो दसऱ्याच्या आधी. मे महिन्यात सवलत मिळते म्हणून घेतलेलं यंत्र खोक्यातच पावसाळा काढतं, त्याच्या वर्षाच्या वॉरंटीतले तीन महिने जातात आणि ऑक्टोबरच्या गर्दीत त्याचा पहिला दोष उघड होतो. सप्टेंबरमध्ये घेतलं तर टॅली बसवायला, जुना डेटा आणायला, प्रिंटर जोडायला आणि दिवसभर चालवून बघायला हाताशी वेळ असतो, शिवाय दुकानदारही तेव्हा मोकळा असतो.